वायर कुणाची, पॉवर कुणाची?

मोबाइलची कंपनी आपण चुटकीसरशी बदलतो. पण घरातली वीज? ती येते तिथून येते, आपण फक्त बिल भरतो. जर्मनीतल्या एका पिटुकल्या गावाने मात्र कंपनीच्या नाकावर टिच्चून गावातल्या तारा चक्क विकत घेतल्या! शेजाऱ्या-शेजाऱ्यांनी मिळून चालवलेल्या विजेचा हा फंडा नेमका आहे तरी काय?

एक छोटीशी क्विझ! गूगल करायचं नाही. तुमच्या मोबाइल प्लॅनमध्ये रोज किती जीबी डेटा मिळतो? आलं ना उत्तर फटकन? ओटीटीचं सबस्क्रिप्शन कधी रिन्यू करायचंय? तेही माहीत आहे. ऑफिसजवळच्या कॅफेत कॅपुचिनो कितीला मिळते? हे तर विचारायलाच नको. आता शेवटचा प्रश्न. तुमच्या घरात विजेचं एक युनिट कितीला पडतं?

विकेट गेली ना?

गेल्या महिन्यात हा प्रश्न मी दिसेल त्याला विचारत सुटले होते. लोकलमध्ये, कॅन्टीनमध्ये, जिमच्या लॉकर रूममध्ये. वीस-पंचवीस जणांपैकी दोघांना उत्तर आलं आणि त्यातला एक वीज कंपनीच्याच अकाउंट्स खात्यात होता. बाकी सगळ्यांचं उत्तर एकच, ‘अगं, ऑटो-पे वर आहे.’

आणि यात आपली चूक तरी काय? जिथे निवडायलाच काही नाही तिथे रेट बघून करायचं काय? मुंबईच्या उपनगरात निदान दोन कंपन्यांमधली एक निवडता येते. बाकी बहुतेक ठिकाणी जी तार दारात आली आहे तीच. मी शाळेत असताना लोडशेडिंग जोरात होतं. परीक्षेच्या दिवसांत आमच्या गल्लीतले लाइट गेले की सगळी गल्ली गॅलरीत यायची आणि एकच चौकशी व्हायची, ‘समोरच्यांचे पण गेलेत का हो?’ समोर पण अंधार असला की जिवाला कसं बरं वाटायचं!

म्हणजे बघा, वीज हा शेजाऱ्यांचा विषय आपल्याकडे आधीपासून आहे. फक्त ती गेल्यावर. असताना नाही.

पण असतानाही ती शेजाऱ्यांचा विषय झाली तर? वीज कुठून घ्यायची, कितीला विकायची, नफ्याचं काय करायचं, हे सगळं आपल्याच गल्लीने ठरवलं तर? ऐकायला अगदी कॉलेजच्या गॅदरिंगमधल्या भाषणासारखं वाटतं, पण काही लोकांनी हे खरोखर करून दाखवलंय. त्यातली सगळ्यात सॉलिड गोष्ट आहे शोनाऊची.

ढगातून आलेलं टेन्शन

शोनाऊ हे जर्मनीच्या नैऋत्य टोकाला, ब्लॅक फॉरेस्टच्या डोंगरात वसलेलं गाव. वस्ती जेमतेम अडीच हजार. आपल्याकडच्या एखाद्या टाउनशिपमध्ये याहून जास्त लोक राहतात. २६ एप्रिल १९८६ ला तिथून खूप लांब, तेव्हाच्या सोव्हिएत युनियनमध्ये, चेर्नोबिलच्या अणुभट्टीत स्फोट झाला. त्यातून निघालेले किरणोत्सारी कण वाऱ्याबरोबर अर्ध्या युरोपावर पसरले आणि पावसाबरोबर जर्मनीच्या दक्षिण भागातही पडले. मुलांना बाहेर खेळायला पाठवायचं का? दूध द्यायचं का? परसातली भाजी खायची का? घरोघरी हेच टेन्शन.

उर्सुला स्लाडेक ही त्यातलीच एक आई. शिक्षिकेचं ट्रेनिंग घेतलेली, पदरात पाच मुलं. नवरा मिखाएल गावातला डॉक्टर. राजकारण, चळवळ वगैरेशी तिचा काडीचा संबंध नव्हता. तिच्यासारख्याच काही आई-बाबांनी मिळून एक ग्रुप काढला. ‘अणुमुक्त भविष्यासाठी पालक’ अशा अर्थाचं नाव. अणुवीज नको म्हणायचं, तर आधी आपण वीज कमी वापरून दाखवू, असा साधा विचार. त्यांनी गावात वीज बचतीची स्पर्धा ठेवली. जो जास्त बचत करेल त्याला बक्षीस! लोकांनी जाम उत्साहाने भाग घेतला.

मग हा ग्रुप गेला वीज कंपनीकडे. तेव्हा गावाला वीज द्यायची ती केडब्ल्यूआर या प्रादेशिक कंपनीने. तिथे दुसरा पर्यायच नव्हता. ग्रुपचं म्हणणं साधं होतं. कमी वीज वापरणाऱ्याला फायदा होईल असे रेट ठेवा. जो घरी स्वच्छ वीज तयार करतो त्याला बरा भाव द्या. कंपनीने काही त्यांना दाद दिली नाही. आणि का देईल? जिचा धंदाच युनिट विकण्याचा, ती ‘कमी वापरा’ कशाला सांगेल? बर्गरच्या दुकानात जाऊन डाएट प्लॅन मागण्यातला प्रकार!

इथे या मंडळींच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. (हो, पीजे आहे. चालवून घ्या.) गावात सोलर पॅनेल किती, हा मुद्दा नंतरचा. गावातली तार ज्याच्या मालकीची, तोच सगळे नियम ठरवणार.

कॉन्ट्रॅक्टवरची कुस्ती

आता थोडं टेक्निकल, पण कंटाळवाणं नाही. जर्मनीत गावच्या रस्त्यांखालून तारा न्यायच्या तर कंपनीला गावच्या कौन्सिलशी करार करावा लागतो. शोनाऊचा करार १९९४ च्या शेवटी संपणार होता. पण कंपनीला घाई. तिने मुदतीच्या कितीतरी आधीच ऑफर टाकली. आत्ताच पुढच्या वीस वर्षांची सही करा, गावाला एक लाख मार्क देतो!

पालकांचा ग्रुप म्हणाला, थांबा. सही करू नका. तेवढेच पैसे आम्ही गावातून गोळा करून देतो. वीस वर्षं कुणाच्या दावणीला बांधून घ्यायचं की नाही, याचा विचार करायला वेळ तर मिळू दे. यासाठी त्यांनी जी संस्था काढली तिचं नाव होतं ‘नेट्झकाउफ’, म्हणजे ‘जाळं-खरेदी’. विजेच्या तारांचं जाळं खरेदी करायचं म्हणून जाळं-खरेदी. विषय कट!

१९९१ च्या जुलैत कौन्सिलने मात्र कंपनीच्या बाजूने कौल दिला. आपल्याकडे इथेच पिक्चर संपला असता. पण त्यांच्या राज्याच्या कायद्यात एक सोय आहे. पुरेशा लोकांनी सह्या दिल्या, तर कौन्सिलच्या निर्णयावर गावाचं मतदान घेता येतं. सह्या झाल्या. २७ ऑक्टोबर १९९१ ला अख्ख्या गावाने मतदान केलं आणि ५५.७ टक्के लोकांनी कौन्सिलचा निर्णय फिरवला.

पुढची काही वर्षं या लोकांनी अक्षरशः होमवर्क केला. डॉक्टर, शिक्षक, गृहिणी, कारागीर अशा लोकांनी वीज वितरण म्हणजे काय, बॅलन्स शीट कशी वाचायची, बिघाड झाल्यावर दुरुस्तीला कोण जाणार, हे सगळं शिकून घेतलं. १९९४ मध्ये ‘शोनाऊ वीज केंद्र’ अशा अर्थाच्या नावाने त्यांनी स्वतःची कंपनी उभी केली. तिचं जर्मन लघुरूप ईडब्ल्यूएस. १९९५ च्या अखेरीस कौन्सिलने करार या नव्या कंपनीला द्यायचं ठरवलं. मग यावर विरोधी गटाने मतदान मागितलं!

हा दुसरा राउंड भारी होता. ‘डॉक्टरसाहेब औषधं उत्तम देतात, पण फ्यूज उडाल्यावर त्यांना बोलवायचं का?’ या वळणाच्या शंका लोकांच्या मनात होत्या आणि त्या काही खुळचट नव्हत्या. वीज ही गंमत नाही. एकदा ती गेली की कारखाना थांबतो, डेअरीतलं दूध नासतं. गावात सरळ दोन तट पडले. १० मार्च १९९६ ला पुन्हा मतदान झालं. निकाल? ५२.४ टक्के बाजूने. म्हणजे जवळजवळ अर्धं गाव विरोधात होतं! ‘सगळं गाव एक झालं’ अशी ही फिल्मी स्टोरी नाही. थोडक्यात निसटता विजय. आणि म्हणूनच मला ती जास्त खरी वाटते.

‘बिघाड? तो मीच!’

जिंकले, पण खिशात दमडी नव्हती. गावातल्या तारा जुन्या कंपनीच्या मालकीच्या. त्या विकत घ्यायच्या होत्या. कंपनीने किंमत सांगितली ८७ लाख मार्क! गावाच्या तज्ज्ञांच्या अंदाजाच्या दुपटीहून जास्त. घासाघीस करायला बसलं तर पुन्हा वर्षं जाणार.

मग त्यांनी जे केलं ते आजच्या कुठल्याही मार्केटिंगवाल्याने फाइलला लावून ठेवावं. जर्मन भाषेत ‘श्टोअरफाल’ असा एक शब्द आहे. अणुभट्टीत काही बिघाड झाला की अधिकारी तो वापरतात. शोनाऊच्या कॅम्पेनची टॅगलाइन होती, ‘मीच बिघाड आहे’! पोस्टरवर साध्यासुध्या माणसांचे चेहरे. व्यवस्थेला खटकणारा बिघाड कोण? तर मी. सही ना? हे १९९६ साल आहे हं. सोशल मीडिया नाही, यूपीआय नाही, रील नाही. तरी देशभरातून देणग्या येऊ लागल्या. सामाजिक कामांना पैसे पुरवणाऱ्या जीएलएस बँकेच्या मदतीने लोकांच्या गुंतवणुकीतूनही पैसा उभा राहिला.

कंपनीवर दबाव वाढला, किंमत खाली आली आणि शेवटी ५७ लाख मार्कांना सौदा झाला. १ जुलै १९९७ ला शोनाऊच्या तारा शोनाऊच्या झाल्या. चेर्नोबिलनंतर अकरा वर्षांनी! जास्तीच्या किमतीचा वाद नंतर कोर्टात गेला आणि पैसे परत मिळाले, ते वेगळंच.

त्याच सुमाराला जर्मनीत नियम बदलले. १९९८ पासून देशातला कुणीही ग्राहक हव्या त्या कंपनीकडून वीज घेऊ लागला. शोनाऊच्या या घरगुती कंपनीला देशभरातून गिऱ्हाइकं मिळाली. आज त्यांचा आकडा दोन लाखांच्या आसपास आहे. २००९ मध्ये कंपनीचं रूपांतर सहकारी संस्थेत झालं. २०११ मध्ये उर्सुला स्लाडेक यांना पर्यावरणासाठीचं मानाचं गोल्डमन पारितोषिक मिळालं. गावातल्या चर्चच्या छपरावरही सोलर पॅनेल चढली. आणि १५ एप्रिल २०२३ ला जर्मनीतल्या शेवटच्या तीन अणुभट्ट्या बंद झाल्या. तो निर्णय बरोबर की चूक यावर तिकडे आजही कडाकडा भांडणं होतात. तुम्ही-मी अणुविजेच्या बाजूने असू किंवा विरोधात, शोनाऊचा धडा वेगळा आहे. कुठली वीज हवी हे ठरवायची जागा त्यांनी स्वतःच्या हातात आणली.

एक शंका मात्र हमखास येते. दोनशे किलोमीटरवरच्या घरात शोनाऊची ‘स्वच्छ’ वीज वेगळ्या तारेने जाते का? नाही. तार तीच, त्यातली वीजही सगळ्यांची एकत्र मिसळलेली. पैसा कुणाकडे जातो हे बदलतं. तुम्ही जेवढी युनिट वापरता तेवढी तुमची कंपनी पवनचक्की किंवा सोलरवाल्यांकडून विकत घेते. तुमचे पैसे नव्या पवनचक्कीत जातात की जुन्या कोळशात, एवढाच फरक. पण हा ‘एवढाच’ फार मोठा आहे.

गच्ची नसलेल्यांसाठी पवनचक्कीचा शेअर

‘हे गावात ठीक आहे गं. आम्ही भाड्याच्या टू बीएचकेत राहणारे. आम्ही काय विकत घेणार, स्विचबोर्ड?’ माझ्या एका आयटीवाल्या मित्राचा प्रश्न. त्याच्यासाठी डेन्मार्कचं उत्तर आहे.

कोपनहेगनच्या बंदराजवळ समुद्रात मिडलग्रुंडन नावाची जागा आहे. २००० साली तिथे २० पवनचक्क्या उभ्या राहिल्या. प्रत्येकी २ मेगावॉट, म्हणजे एकूण ४० मेगावॉट. त्यातल्या दहा होत्या शहराच्या वीज कंपनीच्या आणि उरलेल्या दहा लोकांच्या सहकारी संस्थेच्या! संस्थेने ४०,५०० शेअर काढले. वर्षाला साधारण १,००० युनिट विजेमागे एक शेअर असा हिशोब. साडेआठ हजारांच्या आसपास लोकांनी ते घेतले. त्यांच्या घरावर गच्ची असो-नसो, बाल्कनी असो-नसो. सकाळी ऑफिसला जाताना समुद्रात फिरणारं पातं बघायचं आणि म्हणायचं, त्यातला एक तुकडा आपला!

गंमत म्हणजे सुरुवातीचा प्लॅन २७ पवनचक्क्यांचा, तीन रांगांत होता. सुनावणीत लोकांनी तक्रार केली की शहराच्या समुद्राचा नजारा बिघडेल. मग संख्या कमी करून २० केली आणि त्या एका सुंदर कमानीत लावल्या. आज ती कमान शहराच्या फोटोंमध्ये दिसते. लोकांना विचारलं की काम अडतं असं म्हणतात. इथे विचारल्यामुळे देखणं झालं.

पाच किलोवॉटचं बेट

तिसरा पत्ता स्कॉटलंडमधला. आयग नावाचं बेट, वस्ती शंभरएक माणसं. १९९७ मध्ये रहिवाशांच्या ट्रस्टने बेटच विकत घेतलं. मुख्य भूमीवरून विजेची तार कधी आलीच नव्हती, प्रत्येकाचा आपापला डिझेल जनरेटर. १ फेब्रुवारी २००८ ला बेटावरची स्वतःची वीज सुरू झाली. ओढ्यावरची छोटी जलविद्युत केंद्रं, चार लहान पवनचक्क्या, सोलर पॅनेल, बॅटऱ्या आणि अडीअडचणीला डिझेल. वर्षभरातली ९० टक्क्यांहून जास्त वीज निसर्गातून येते.

पण मला भावला तो त्यांचा नियम. एका घराने एका वेळी ५ किलोवॉटच्या वर वीज ओढायची नाही. दुकान किंवा धंदा असेल तर १०. वर गेलं की त्या घराचा लाइट गुल, आणि परत जोडून घ्यायला दंड! आपल्या घराच्या हिशोबात सांगायचं तर गीझर अडीच-तीन किलोवॉट, इंडक्शन शेगडी दोन, दीड टनाचा एसी दीडच्या आसपास. म्हणजे आंघोळीचं पाणी तापत असताना इंडक्शनवर पोहे टाकायचे आणि बेडरूममध्ये एसीही चालू ठेवायचा... गेले लाइट!

यात गरीब-श्रीमंत असा भेद नाही. जास्त पैसे देतो, मला १५ किलोवॉट द्या, हे चालत नाही. पाऊस-वारा भरपूर असला आणि बॅटऱ्या भरल्या की उरलेल्या विजेवर गावचा हॉल आणि चर्च गरम करतात. ओढे आटले की सगळ्यांना निरोप जातो, जरा जपून वापरा. आपल्याकडे सोसायटीत पाणी कमी आलं की व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज येतो ना, अगदी तस्सं.

आणि आपल्याकडे?

इथे जरा गॉगल काढून बघू या. कारण आपल्याकडेही हे प्रयोग झालेत आणि सगळेच काही यशस्वी झाले नाहीत.

सहकार म्हटलं की महाराष्ट्राची कॉलर ताठ! साखर कारखाने, दूध संघ, पतपेढ्या... पण वीजसुद्धा सहकारात होती, हे माझ्या वयाच्या कितीजणांना माहीत आहे? नगर जिल्ह्यात (आताच्या अहिल्यानगरमध्ये) श्रीरामपूर-राहुरीच्या भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था होती. शेतकरी सभासद, संस्था वीज विकत घेऊन त्यांना पुरवणार. अनेक दशकं ती चालली. पण सरकारी वीज कंपनीची थकबाकी डोंगराएवढी झाली आणि २०११ मध्ये लायसन्स संपल्यावर तिथला पुरवठा महावितरणकडे गेला. ही वीज काही सूर्याची किंवा वाऱ्याची नव्हती, पण धडा तोच. मालकी आपली असून भागत नाही, वसुलीही आपलीच असते. आणि ‘आपल्याच माणसाची’ वीज कापायला हात थरथरतो.

दुसरं उदाहरण बिहारमधल्या धरणई गावाचं. तीसएक वर्षं अंधारात असलेल्या या गावात २०१४ मध्ये ग्रीनपीस संस्थेने १०० किलोवॉटचं सोलर जाळं उभारलं. देशभर कौतुक झालं. पण त्यावर फ्रिजसारखी जड उपकरणं चालवायला परवानगी नव्हती आणि युनिटही महाग. लोक ‘असली बिजली’ मागू लागले. थोड्याच काळात सरकारी तार आली, स्वस्त दरात. सोलरचे ग्राहक गळाले, बॅटऱ्या संपल्या आणि २०२१ च्या सुमाराला त्या केंद्राच्या आवारात गुरं बांधलेली दिसत होती.

आता आयग आणि धरणई शेजारी-शेजारी ठेवून बघा. वापरावर मर्यादा दोन्हीकडे. एका ठिकाणी लोक ती अभिमानाने सांगतात, दुसऱ्या ठिकाणी तिला कंटाळले. आयगला दुसरी तारच नाही हे खरं. मर्यादाही तिथे बरीच सैल. पण ती बेटवाल्यांनी स्वतः बसून ठरवली होती. धरणईत ती बाहेरून आलेल्या पॅकेजबरोबर आली. ‘तुमच्यासाठी’ केलेलं आणि ‘तुम्ही’ केलेलं, यात हा असा फरक पडतो.

आशेचा किरणही आहे, गुजरातमध्ये. खेडा जिल्ह्यातल्या धुंडी गावात २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी मिळून सौरपंपवाल्यांची सहकारी मंडळी नोंदवली. मदतीला होती आयडब्ल्यूएमआय ही पाण्यावर संशोधन करणारी संस्था. शेताला पाणी देऊन उरलेली वीज मंडळी वीज कंपनीला विकते. करार २५ वर्षांचा, भाव युनिटला ४ रुपये ६३ पैसे. यात आणखी एक मस्त गोष्ट होते. उरलेल्या विजेला भाव मिळाला की शेतकरी पंप उगाच चालवत नाही, जमिनीतलं पाणीही वाचतं. ऊन हेच पीक!

बॉस, खरी लढाई मीटिंगमध्ये

शहरात आपण तारा विकत घ्यायला जाणार नाही आहोत, तसा कायदाही आपल्याकडे नाही. पण एक गोष्ट आपल्याकडे आहे जी शोनाऊच्या लोकांना शून्यातून उभी करावी लागली. नोंदणी केलेली, मतदानाचा हक्क असलेली, दर वर्षी ३० सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यावी लागणारी सहकारी संस्था. हो, आपली हाउसिंग सोसायटी!

आमच्या सोसायटीत यंदा गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. मी वही घेऊन मुद्दाम बसले. पंचेचाळीस मिनिटं पार्किंगवर गेली. मग सोलर.

‘पॅनेल लावली की गच्ची गळणार, आत्ताच सांगून ठेवतो,’ टॉप फ्लोअरचे काका.

‘कोजागिरीला मग आम्ही बसायचं कुठे?’ महिला मंडळ.

‘लिफ्टचं बिल कमी झालं तर तळमजल्यावाल्यांना काय फायदा?’ हा प्रश्न तळमजल्यावरून.

‘आम्ही भाडेकरू. आम्हाला मत आहे का?’ हे मागच्या रांगेतून, हळू आवाजात. (नाही, मत सभासदाला. पण मेंटेनन्सचा भार फिरून तुमच्या भाड्यात येतोच की!)

मला आधी हसू आलं. मग वाटलं, यातला एकही प्रश्न फालतू नाहीये. फायदा कुणाला, जागा कुणाची, बिघडलं तर कोण बघणार, मत कुणाला. शोनाऊने अकरा वर्षं याच प्रश्नांची उत्तरं शोधली. तिथल्या लोकांनीही कंटाळवाण्या मीटिंगा केल्या, वैतागले, हरले, परत आले. सभेच्या शेवटी तिघांची कमिटी झाली. तीन कोटेशन आणायची, वॉटरप्रूफिंगवाल्याला आधी दाखवायचं आणि कोजागिरीची जागा सोडून मोजमाप घ्यायचं. फार मोठी क्रांती नाही. पण अजेंड्यावरचा विषय ‘पुढील सभेत’ न जाता पुढे सरकला, हे आमच्याकडे नवीनच!

आपल्या पिढीला ग्रीन व्हायचंय ते दुकानात जाऊन. बांबूचा टूथब्रश, कापडी पिशवी, ईव्ही. सगळं छान आहे, पण ते एकेकट्याने करायचं. विजेचं तसं नाही. गच्ची सामाईक, डीपी सामाईक, जिन्यातला दिवाही सामाईक. इथे शेजारच्या काकांशी बोलल्याशिवाय गत्यंतर नाही. आणि आपण नेमकं तेच टाळतो. सोसायटीची सभा म्हणजे रिटायर्ड लोकांचा टाइमपास, असं म्हणून रविवारी ब्रंचला पळतो. मग निर्णय जे येतात त्यांचे होतात. शोनाऊत ५२ टक्क्यांनी गाव जिंकलं, म्हणजे घरी बसणारे थोडे जास्त असते तर गोष्ट तिथेच संपली असती.

चौकट : गच्चीचं गणित

● १ किलोवॉट सोलरला साधारण १०० चौरस फूट, सावली न पडणारी जागा लागते. पाण्याची टाकी, लिफ्टची खोली आणि शेजारच्या टॉवरची सावली वजा करून मोजा.

● १ किलोवॉटपासून दिवसाला सरासरी ४ युनिट वीज मिळते. म्हणजे १० किलोवॉटला महिन्याला १,२०० च्या आसपास. पावसाळ्यात कमी, एप्रिल-मेमध्ये जास्त.

● लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे यांचं जे सामाईक मीटर असतं, त्याची मागच्या बारा महिन्यांची बिलं काढा. सोलर किती बसवायचं ते त्यावरून ठरतं.

● नेट मीटरिंगमध्ये दुपारची जास्तीची वीज ग्रिडमध्ये जाते आणि तेवढी युनिट बिलातून वळती होतात. त्यामुळे बॅटरीचा खर्च टळतो. पण साध्या ग्रिडवरच्या सोलरला बॅटरी नसते, म्हणून लाइट गेले की तेही बंद पडतं. हे सभेत आधीच सांगा, नाहीतर नंतर शिव्या पडतील!

● २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘पीएम सूर्यघर’ योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये अनुदान ठेवलं आहे.

● पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात, सेक्रेटरी तेवढे टिकत नाहीत! म्हणून धुणं-पुसणं, दुरुस्ती आणि हिशोब कोणी बघायचा ते ठरावात लिहून घ्या.

तुमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर पुढच्या सभेची तारीख लागली असेल. त्या रविवारचा ब्रंच जरा पुढे ढकला. सभेत चहा-बिस्किटं मिळतातच.